काळजाची झडप आणि कपाशीचा भाव



जिल्ह्याच्या बैठकीसाठी निघणाऱ्या या पानांत कापसाचा भाव, ज्वारीची खरेदी, वीजबिल, पीकविमा आणि कर्ज हे विषय नेहमीचेच. या वेळी हृदयाच्या झडपेबद्दल लिहितो आहे. काही जण म्हणतील, हा दवाखान्याचा विषय संघटनेच्या कागदावर कशाला? हा विषय जितका दवाखान्याचा आहे तितकाच शेतीच्या अर्थकारणाचा आहे, एवढे या लेखात दाखवायचे आहे आणि शेवटी बैठकीपुढे एक ठराव ठेवायचा आहे. तेव्हा थोडा नेट धरून वाचावे.

फुटबॉल खराब झाला की काय होते?

विहिरीवरच्या मोटारीला पाइपाच्या तळाशी फूटव्हॉल्व्ह असतो. गावात आपण त्याला फुटबॉल म्हणतो. पाणी वर जाऊ द्यायचे आणि परत खाली येऊ द्यायचे नाही, एवढेच त्याचे काम. तो गळका झाला की मोटार फिरत राहते, वीज जळत राहते आणि पाणी मात्र विहिरीतच परत पडते. त्याचे तोंड गाळाने चोंदले तर मोटार गरम होते आणि शेवटी जळते. माणसाच्या हृदयात अशा चार झडपा आहेत. दिवसाकाठी साधारण लाखभर वेळा त्या उघडतात आणि मिटतात. डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या झडपेला डॉक्टर मायट्रल झडप म्हणतात. आपल्या भागातल्या गोरगरिबांची सगळ्यांत जास्त बिघडते ती हीच. निरोगी माणसात हिचे तोंड ४ ते ६ चौरस सेंटिमीटर उघडते. आजारात ते आकसत आकसत एक चौरस सेंटिमीटरवर येते, म्हणजे करंगळीचे टोक जेमतेम जाईल इतके. अंगातले सगळे रक्त त्या फटीतून जायचे. मग रक्त मागे तुंबते, फुप्फुसात साचते आणि माणसाला दम लागतो.

झडप जन्मतःच सदोष असू शकते, तो भाग वेगळा. चांगली झडप पुढे बिघडते, त्याची कारणे अनेक आहेत. म्हातारपणी झडपेत चुना साठून ती ताठ होते. रक्तातून जंतू जाऊन झडप कुरतडली जाते. हृदयविकाराच्या झटक्यानंतर झडपेचे दोर सैल पडतात. श्रीमंत देशांत आज झडपेचा आजार म्हणजे मुख्यतः म्हातारपणाचा आजार. आपल्याकडे मात्र तरुण माणसाची झडप बिघडलेली दिसली की पहिला संशय एकाच गोष्टीवर घ्यावा लागतो. लहानपणी येऊन गेलेला सांधेताप.

घशातून सांध्यात, सांध्यातून काळजात

या रोगाची सुरुवात अगदी साध्या घसादुखीने होते. स्ट्रेप्टोकोकस नावाचा जंतू पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांच्या घशात वस्ती करतो. ताप येतो, गिळताना दुखते, गळ्याला गाठी येतात, टॉन्सिलवर पांढरे डाग दिसतात, पण सर्दी-खोकला फारसा नसतो. चार-पाच दिवसांत पोर खेळायला लागते. बहुतेकांच्या बाबतीत गोष्ट तिथेच संपते. थोड्या मुलांत मात्र दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा ताप येतो आणि मोठे सांधे सुजतात. आज गुडघा, परवा घोटा, नंतर कोपर, असे दुखणे जागा बदलत फिरते.

हे का होते? शरीर जंतूला मारण्यासाठी जे औषध स्वतः तयार करते, त्याला जंतू आणि झडप यांतला फरक कळत नाही, कारण दोघांच्या घडणीत काही भाग सारखा असतो. ज्वारीतल्या रुंद पानाच्या तणावर टू-फोर-डी मारले आणि वारा शेजारच्या कपाशीकडे वळला, तर काय होते ते आपण पाहिलेले आहे. औषधाला तण आणि कपाशी वेगळी ओळखता येत नाही, दोघांची पाने रुंदच. कपाशीची पाने आकसतात, बोटासारखी लांबतात. झडपेचे तसेच होते. ती सुजते, सूज उतरताना व्रण राहतो, आणि उन्हात टाकलेल्या कातड्यासारखी झडप ताठ होते.

यातला खरा दगा लक्षात घ्या. सांधा दुखतो म्हणून मूल रडते आणि आपण धावपळ करतो. तो सांधा मात्र काही दिवसांत पूर्ण बरा होतो. झडप दुखत नाही, म्हणून तिच्याकडे कोणी बघत नाही, आणि बिघडते ती तीच. वर, ज्याला एकदा सांधेताप आला त्याला प्रत्येक नव्या घसादुखीबरोबर तो पुन्हा येण्याचा धोका राहतो. दर खेपेला झडपेवर नवा व्रण पडतो. अनेकांना तर लहानपणी सांधे सुजले होते हेही आठवत नाही. एकदम विशी-पंचविशीत दम लागायला लागतो तेव्हा कळते.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. सुजय रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य देशांत मायट्रल झडप आकसायला दोन-तीन दशके लागतात, हिंदुस्थानात मात्र वीस वर्षांच्या आतल्या मुलांच्या झडपा पार आकसलेल्या दिसतात, हे त्यांनी जगापुढे मांडले. त्या निबंधाला साठ वर्षे उलटून गेली. २०१५ सालच्या जागतिक अंदाजानुसार या रोगाने वर्षाला सुमारे ३ लाख १९ हजार माणसे मेली. त्यांतली सुमारे १ लाख १९ हजार एकट्या आपल्या देशातली.

शरद जोशींनी इंडिया आणि भारत अशी मांडणी केली, ती या रोगात डोळ्यांनी दिसते. इंडियाची झडप सत्तरीत चुना साठून बिघडते. भारताची झडप पाटी-पुस्तकाच्या वयात बिघडते.

जंतू सगळीकडे, रोग गरिबाच्या घरी

हा जंतू मुंबईच्या बंगल्यातही जातो आणि जळकोटच्या तांड्यावरही येतो. मग रोग गरिबाच्याच घरी का मुक्काम करतो? याचे उत्तर औषधात सापडत नाही, घरात सापडते. एका खोलीत सहा-सात माणसे झोपतात, एकाचा श्वास दुसऱ्याच्या तोंडावर, तिथे जंतू एका पोराकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो. वर्षातून एकदा येणारी घसादुखी चार वेळा येते. जितक्या वेळा घसा धरतो, तितक्या वेळा सांधेतापाचा डाव पडतो.

डेन्मार्क देशात या तापाची नोंद १८६२ पासून ठेवलेली आहे. तेव्हा लाख माणसांमागे वर्षाला सुमारे २०० जणांना हा ताप येत असे. शंभर वर्षांनी, १९६२ मध्ये, तो आकडा ११ वर आला होता. पेनिसिलिन सर्रास मिळू लागले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. त्याच्या आधीच तिथला रोग ओसरायला लागला होता. घरे मोठी झाली, माणशी जागा वाढली, पोटात अन्न गेले, रोग हटला. औषधाने उरलेले काम पुढे पुरे केले.

आता आपल्याकडे बघा. जळकोट, मुखेड, कंधार हा बालाघाटच्या डोंगराचा टापू. मुरमाड, हलकी जमीन, पावसावरची शेती. कपाशी, ज्वारी, तूर आणि अलीकडे सोयाबीन. चांगल्या वर्षी खर्च निघतो, वाईट वर्षी तोही निघत नाही. एकाधिकार खरेदी योजना १९७२ साली आली. तिच्यात आपला कापूस तीस वर्षे बांधून ठेवला. राज्याबाहेर भाव असला तरी बाहेर नेता येत नव्हता. ती योजना गेली, पण भाव पाडायची सवय गेली नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, नवा कापूस बाजारात यायच्या तोंडावर, केंद्राने परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले आणि ती सूट डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. अशा शेतीतून दुसरी खोली बांधायला पैसा कुठून उरणार? पोरगी शिकवायची की भिंत घालायची, असा हिशेब ज्या घरात होतो, तिथे सगळी माणसे एका पत्र्याखालीच झोपणार.

शेती पुरत नाही म्हणून तांड्यावरून आणि गावातून कोयते उसाला जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते. दसरा-दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत कारखान्याच्या फडावर कोप घालून राहायचे. कोप म्हणजे एक खोलीसुद्धा नव्हे. त्यात नवरा, बायको, पोरे, कधी म्हातारी. या रोगाच्या जंतूला याहून चांगली जागा शोधून सापडायची नाही.

म्हणून सांगतो, झडपेवर पडलेला व्रण हा शेतीमालाच्या भावाचाही व्रण आहे. सरकारने आपल्याकडून जी उणे सबसिडी वसूल केली, ती फक्त सात-बाऱ्यावरच्या बोजात दिसते असे समजू नका. ती आपल्या पोरांच्या छातीत नळी लावून ऐकता येते.

सतरा इंजेक्शनांचा प्रश्न

या रोगाला अडवायचा उपाय सत्तर वर्षांपासून माहीत आहे. ज्याला सांधेताप येऊन गेला किंवा ज्याच्या झडपेत दोष सापडला, त्याला दर एकवीस दिवसांनी बेंझाथिन पेनिसिलिनचे एक इंजेक्शन द्यायचे. मोठ्यांना १२ लाख युनिटचे, लहान मुलांना त्याच्या निम्मे. म्हणजे वर्षाला सतरा-अठरा इंजेक्शने. हृदयाला धक्का लागलेला नसेल तर निदान पाच वर्षे आणि वयाच्या अठरा-एकवीसपर्यंत. हृदयाला लागलेला असेल तर दहा वर्षे किंवा पंचविशीपर्यंत. झडप जास्त बिघडली असेल तर चाळिशीपर्यंत किंवा जन्मभर. नेमके किती, ते डॉक्टरने ठरवायचे. युगांडा देशात ८१८ मुलांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. या मुलांच्या झडपेतला दोष नुकता सुरू झालेला होता, बाहेरून काही दिसत नव्हते. इंजेक्शन मिळालेल्यांपैकी दोन वर्षांत शंभरातल्या एकाचाही दोष वाढला नाही म्हणावे असा निकाल आला, आकडा ०.८ टक्के. न मिळालेल्यांत तो ८.२ टक्के होता. दहापट फरक.

इंजेक्शनची किंमत शंभर रुपयांच्या आतली आहे. मग अडते कुठे? तीन ठिकाणी अडते.

पहिली अडचण, औषध मिळत नाही. ही गोष्ट कापूस पिकवणाऱ्याला शहाण्या अर्थतज्ज्ञापेक्षा लवकर कळेल. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली उभा राहिला आणि देशात पेनिसिलिन तयार होऊ लागले. पुढे एकीकडून सरकारने औषधाची किंमत बांधून टाकली आणि दुसरीकडून चीनचा स्वस्त कच्चा माल आला. देशातले पेनिसिलिनचे कारखाने एकामागून एक बंद पडले. २०१६ च्या सुमारास सगळ्या जगाला या इंजेक्शनचा कच्चा माल पुरवणारे मोजून चार कारखाने उरले होते, तीन चीनमध्ये आणि एक ऑस्ट्रियात. अनेक देशांत टंचाई झाली. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये औषधांचे दर ठरवणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाला आठ औषधांच्या किमती एकदम ५० टक्क्यांनी वाढवाव्या लागल्या. त्यांत पेनिसिलिनच्याच कुळातले बेंझिल पेनिसिलिन होते. परवडत नाही म्हणून कंपन्या उत्पादन बंद करायची परवानगी मागत होत्या, हे प्राधिकरणानेच सांगितले. २०२० च्या प्रोत्साहन योजनेनंतर २०२४ मध्ये आंध्रात काकिनाड्याजवळ पेनिसिलिनच्या कच्च्या मालाचा कारखाना पुन्हा सुरू झाला, ही चांगली गोष्ट. पण धडा घ्या. उत्पादन खर्चाखाली भाव दाबला की माल स्वस्त होत नाही, माल नाहीसा होतो. आपण हे कापसाबद्दल सांगत आलो, तेव्हा आपल्याला कोणी ऐकले नाही. औषधाबद्दल सरकारला ते आता मान्य करावे लागले आहे.

दुसरी अडचण, सुई टोचायला कोणी तयार नाही. पेनिसिलिनची ॲलर्जी एखाद्याला जिवावर बेतते, हे खरे. म्हणून बरेच डॉक्टर हे इंजेक्शन द्यायचे टाळतात. पण अशी जोराची ॲलर्जी फार थोड्यांना होते. तिच्यावरचे औषध, ॲड्रेनॅलिन, प्राथमिक आरोग्य केंद्रात असलेच पाहिजे, आणि इंजेक्शननंतर अर्धा तास रोग्याला बसवून ठेवले पाहिजे. ज्यांची झडप फार बिघडलेली आहे आणि दम लागतो, त्यांच्यासाठी सुईऐवजी गोळ्या द्यायच्या का, हेही डॉक्टरने ठरवावे. एवढी व्यवस्था असली तर भिऊन औषध नाकारण्याचे कारण उरत नाही. मग होते असे की गावच्या माणसाला उदगीर नाही तर लातूर, नांदेड गाठावे लागते. शंभर रुपयांच्या आतल्या सुईसाठी एसटीचे भाडे, दिवसाची मजुरी आणि बरोबरच्या माणसाची मजुरी. तीही वर्षातून सतरा वेळा. वेचणी चालू असताना हे कोणाला जमणार?

तिसरी अडचण, साखळी तुटते. दसऱ्याला कोयता फडावर गेला की सहा महिने इंजेक्शन बंद. तिथल्या आरोग्य केंद्राला हा रोगी माहीत नाही, रोग्याजवळ कागद नाही. तेवढ्या काळात एकदा घसा धरला तरी झडपेचा आणखी एक तुकडा जातो.

आधी सुई द्या, मग वाटल्यास शस्त्रक्रियेचा सत्कार करा

सरकार काहीच करत नाही असे म्हणणे खोटे ठरेल. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्यांदा आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होता. २०१३ मध्ये ती राज्यभर गेली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव दिले. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतल्या शुभ्र शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांनाही तिच्यात घेतले. २०२३ साली उपचाराची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर न्यायचा निर्णय झाला. फुग्याने झडप उघडणे, झडप बदलणे हे तिच्यात बसते. फुग्याची युक्ती जपानच्या कांजी इनोऊ यांची, १९८२ सालची. छाती न फाडता मांडीच्या शिरेतून नळी घालून आकसलेली झडप उघडते. बदलायची झडपसुद्धा देशातच तयार होते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या पुढाकाराने तयार झालेली चित्रा झडप डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा माणसाला बसवली. आजवर ती लाखावर लोकांना बसली आहे. या माणसांचे उपकार मोठे आहेत.

पण झडप बदलली म्हणजे रोग गेला असे नाही. धातूच्या झडपेवर रक्ताची गाठ बसू नये म्हणून रक्त पातळ करणारी वॉरफॅरिनची गोळी जन्मभर घ्यावी लागते. गोळी कमी पडली तर गाठ होऊन लकवा, जास्त झाली तर रक्तस्राव. म्हणून रक्ताची तपासणी वरचेवर करावी लागते. हातात विळा, कोयता, पायात काटा, अशा माणसाला हे पथ्य दिले आहे आणि तपासणी मात्र तालुक्याच्या गावीही सहज होत नाही. लाखांची शस्त्रक्रिया सरकार करते, आणि शंभर रुपयांच्या सुईची व्यवस्था लागत नाही. आपल्याला हा न्याय ओळखीचा आहे. भाव देत नाहीत, कर्ज थकले की माफीचा समारंभ करतात.

मायबहिणींची झडप

हा रोग बाईच्या वाट्याला आला की जास्त वाईट. दम लागतो, पण बाई त्याला अशक्तपणा म्हणते. डोक्यावर हंडा घेऊन चढ चढताना थांबावे लागते, रात्री उशाला दोन गोधड्या घेतल्याशिवाय झोप येत नाही, कधी थुंकीतून रक्त पडते आणि क्षयाच्या गोळ्या सुरू होतात. मग दिवस जातात. गरोदरपणात अंगातले रक्त जवळजवळ दीडपट होते. ते सगळे त्या करंगळीएवढ्या फटीतून जायचे. बाळंतपणात किंवा लगेच नंतर बाई दगावते, आणि लोक नशिबाला बोल लावतात. झडप आधी माहीत असती तर लग्नानंतर, पण दिवस जायच्या आधी, फुग्याने ती उघडता आली असती.

ती माहीत का नसते? कारण आपण लपवतो. मुलीचे लग्न ठरवायची वेळ आली की इंजेक्शन बंद करतो, कागद पेटीत तळाशी ठेवतो, 'हृदयाची पोरगी' म्हणून कोणी नको म्हणू नये म्हणून. यात सरकारला दोष देता येणार नाही. १९८६ साली चांदवडच्या अधिवेशनात लाखो शेतकरी बाया माणूस म्हणून जगायचे आहे असे सांगायला जमल्या. लक्ष्मीमुक्तीत संघटनेच्या पाईकांनी बायकोच्या नावे जमीन केली. ज्यांनी जमीन नावावर केली, त्यांना लेकीच्या नावाचे इंजेक्शनचे कार्ड दडवणे शोभत नाही. एवढे या लेखातून घरोघरी गेले तरी खूप झाले.

भीक नको, हे खरे. मग हे काय?

एक आक्षेप येणार हे माहीत आहे. आपण 'भीक नको, हवे घामाचे दाम' म्हणणारी माणसे. भाव मिळाला की घर होईल, घर झाले की रोग जाईल, हे तुम्हीच डेन्मार्कचे उदाहरण देऊन सांगितले. मग सरकारपुढे सुईसाठी हात कशाला पसरायचा?

आक्षेप बिनतोड वाटतो, पण त्यात वेळेचा हिशेब नाही. भावाची लढाई कधी जिंकू ते कोणी सांगू शकत नाही. डेन्मार्कला शंभर वर्षे लागली. आज सहावीत बसलेल्या मुलीच्या झडपेला तेवढी सवड नाही, तिच्याकडे फार तर दहा वर्षे आहेत. मूळ कारण भाव आहे म्हणून आज सुई नको म्हणणे, म्हणजे धरण होईल तेव्हा होईल म्हणून आज विहिरीवर बादली सोडायची नाही. दुसरे, हा रोग संसर्गाचा आहे. एका पोराच्या घशातला जंतू शेजारच्या चार पोरांना धरतो. जे एकट्याने अडवता येत नाही ते सगळ्यांनी मिळून अडवायचे, यासाठीच तर सरकार नावाची गोष्ट असते. आणि तिसरे, सरकारने आपल्याकडून भाव पाडून जे नेले, त्याच्या मानाने ही मागणी फार लहान आहे. ही वसुली समजा.

बैठकीपुढे ठराव

म्हणून जळकोट तालुक्याच्या वतीने जिल्हा बैठकीने पुढील ठराव करावा असे सुचवतो.

१. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात बेंझाथिन पेनिसिलिन आणि ॲड्रेनॅलिन कायम असावे. बाजाराचा दिवस हा इंजेक्शनचा दिवस ठरवावा, म्हणजे वेगळा खाडा पडणार नाही.

२. तालुक्यात अशा रोग्यांची एकच नोंदवही असावी. एकवीस दिवस उलटून जो आला नाही त्याच्या घरी आशाताईने निरोप द्यावा. त्या कामाचा मोबदला आशाताईला मिळावा.

३. उसाला किंवा हैदराबाद, पुण्याला जाणाऱ्या रोग्याजवळ कार्ड असावे आणि ते राज्यातल्या कोणत्याही सरकारी केंद्रात चालावे. कारखान्याच्या फडावर इंजेक्शन देण्याची जबाबदारी तिथल्या आरोग्य केंद्राची आणि कारखान्याची.

४. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला. त्यात तपासायच्या तीस दोषांच्या यादीत हा रोग आहे. पथकाने शाळेत वजन-उंची लिहून निघून जाऊ नये, छाती ऐकावी, संशयित मुलांची इको तपासणी जिल्ह्याला करून द्यावी. आश्रमशाळा आणि वसतिगृहे आधी घ्यावीत, कारण दाटी तिथे जास्त.

५. झडप बदललेल्या माणसांची रक्त तपासणी तालुक्याच्या गावी व्हावी.

हे झाले सरकारने करायचे. आपण करायचे तेही लिहून ठेवा. मुलाचा घसा दुखतो, ताप आहे आणि सर्दी नाही, तर बाजाराच्या दिवशी सलाईन लावून दोन गोळ्या घेऊन येऊ नका. डॉक्टरला घसा बघायला लावा. त्याने दहा दिवसांचे औषध दिले तर तिसऱ्या दिवशी ताप उतरला तरी दहाही दिवस द्या. घसा धरल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झाले तरी सांधेताप टळतो. सांधे सुजून दुखणे जागा बदलत असेल तर वात आहे म्हणून तेल चोळत बसू नका. तरण्याताठ्या माणसाला चालताना दम लागत असेल तर एकदा इको करून घ्या. आणि ज्या घरात इंजेक्शन चालू आहे, तिथे तारीख कॅलेंडरवर गोल करून लिहा, बँकेच्या हप्त्यासारखी.

बैठकीला येताना प्रत्येक गावच्या कार्यकर्त्याने आपल्या गावात अशी किती माणसे आहेत त्याचा आकडा आणावा, नावे नकोत. किती जणांना इंजेक्शन वेळेवर मिळते आणि किती जणांचे तुटले, एवढे दोन आकडे. ते घेऊन जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांसमोर बसू. कापसाच्या आंदोलनात आपण क्विंटलचा हिशेब पैशापर्यंत मांडत आलो. आपल्या पोरांच्या झडपांचा हिशेबही तसाच चोख मांडता आला पाहिजे.